कडू घास कुणी आणायचा

विमलाबाईंना कुणी गेल्याची बातमी लागली, की त्या आधी डाळीच्या पिठाचा डबा उघडून बघायच्या. रडायचं ते मागाहून. नव्यानं राहायला आलेल्या बायकांना वाटायचं, काय दगडी काळजाची बाई आहे, तिकडं माणूस गेलं आणि ही इकडं पीठ चाळत बसलीय. विमलाबाईंचं उत्तर ठरलेलं असायचं. "रडायला अख्खी चाळ जमलीय की. त्यांच्या पोटाचं कोण बघणार, तू?"

चाळ होती डोंबिवलीला, मानपाड्यात, कारखान्यांच्या अंगाला. विमलाबाई जुन्नरकडच्या. शेजारी कुणी साताऱ्याचं, कुणी कोकणातलं, पलीकडच्या ओळीत बौद्धांची घरं. एरवी नळावरून एकमेकांच्या झिंज्या उपटायला कमी करायची नाहीत ही मंडळी. पण एक गोष्ट सगळ्यांची सारखी होती. ज्या घरातून माणूस गेलं, त्या घरात त्या दिवशी चूल पेटवायची नाही. मग त्या घरच्यांनी खायचं काय? तर शेजाऱ्यांनी, सोयऱ्यांनी आणून घालायचं. पिठलं-भात, जमलं तर भाकरी. ह्याला म्हणायचं कडू घास. चवीला काही तो कडू नसतो. पण ज्यानं तो गिळलाय त्याला विचारा, कारल्याची भाजी गोड लागेल त्यापुढं.

चाळीत कडू घास विमलाबाईंचा. कुणी नेमलं नव्हतं त्यांना, त्यांनीच अंगावर घेतलेलं आणि मग ते त्यांचंच होऊन गेलेलं. पिठल्याला फोडणी द्यायची नाही, कारण फोडणीचा खमंग वास त्या घरात फिरणं बरं दिसत नाही. नुसतं पाणी उकळायचं, मीठ, हिरवी मिरची ठेचून, आणि पीठ कालवून एका धारेनं ओतत ढवळत राहायचं. एक गुठळी होऊ द्यायची नाही. स्मशानातून पुरुषमाणसं परत आली, अंघोळी झाल्या, की पातेलं दारात हजर पाहिजे. नेऊन ठेवायचं, समोर बसायचं, आणि एकेकाच्या हातात घास द्यायचा. खात नसेल तर भरवायचा. अहो, ज्यांचं माणूस गेलेलं असतं ना, त्यांना भूक लागल्याची लाज वाटते. पोटात कावळे ओरडत असतात आणि तोंडानं 'नको नको' चाललेलं असतं. त्यांची ती लाज काढायला कुणीतरी बाहेरचं लागतं. विमलाबाई दरडावायच्या, "खा मुकाट्यानं. तू उपाशी राहून तो परत येणार आहे का?" आणि माणूस रडत रडत खायचा.

ह्यात सगळ्यात मोठी गोष्ट एकच, की ते मागायचं नसतं. ज्या घरात दुःख आहे त्यांनी सांगायचं नाही, सुचवायचं नाही. आपसूक आलं तर तो कडू घास. मागून आणलं की ते नुसतं जेवण झालं.

भाकऱ्या असायच्या कांताच्या. कांता पलीकडच्या ओळीतली, आवाजानं दणदणीत, हातानं त्याहून. सुरुवातीला एका घरी एका म्हाताऱ्यानं नाक मुरडलं. कांता बौद्ध, तिच्या हातची भाकरी कशी खायची म्हणून. विमलाबाईंनी पातेलं त्याच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाल्या, "आजोबा, भूक असेल तर खावा, नसेल तर बसा तसेच. मी दुसरी भाकरी आणणार नाही." म्हाताऱ्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि खाल्ला. त्यानंतर चाळीत कुणी तो विषय काढला नाही.

मग चाळीची बिल्डिंग झाली. लिफ्ट आली, गेटवर वॉचमन आला, मोबाईलवर ग्रुप आला. कांता मुलाबरोबर, राजरत्नबरोबर, ठाण्याला कोलशेतला राहायला गेली. जुन्या बायका कुणी गावी गेल्या, कुणी वरच गेल्या. बिल्डिंगमध्ये कुणी गेलं, की ग्रुपवर जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागायची. चित्रानं पोट भरत असतं तर काय पाहिजे होतं! विमलाबाई तेव्हाही पातेलं घेऊन लिफ्टनं वर-खाली करायच्या. ओळखीचं घर असो, नसो. आता खरं सांगायचं तर नव्या पोरींना त्यांनी कधी हाताशी घेतलं नाही. एखादी आलीच मदतीला, तर "राहू दे बाई, तुझ्यानं गुठळ्या होतील," म्हणून हुसकून लावायच्या. त्यामुळं पोरींनाही वाटायला लागलं, की हे काम विमलाकाकूंचं आहे, जसं टाकीत पाणी चढवायचं काम वॉचमनचं.

दोन वर्षांमागं कांता गेली. विमलाबाई मांडीवर पातेलं घेऊन कोलशेतला निघाल्या. लांबचा पल्ला म्हणून दगडूरावही बरोबर. दगडूराव म्हणजे त्यांचे यजमान. जन्म रंगाच्या कंपनीत काढलेला, बोलणं कमी आणि खोकणं जास्त. कोलशेतच्या त्या मोठ्या टॉवरच्या गेटवर वॉचमननं पातेल्याकडं बघून विचारलं, "डिलिव्हरी है क्या? किस फ्लॅट की?"

"हां, डिलिव्हरीच. मयताची," विमलाबाई म्हणाल्या, आणि त्याला बाजूला सारून आत गेल्या.

वर बुद्धवंदना म्हणून झाली होती, पांढऱ्या कपड्यांतली माणसं गप्प बसली होती. राजरत्न एका कोपऱ्यात. एवढा मोठा बँकेतला साहेब, पण विमलाबाईंनी घास पुढं केला तसा लहान पोरासारखा तोंड उघडून बसला. भाकरी नव्हती त्या दिवशी. भाकरी करणारी तर भिंतीवर फोटोत होती.

येताना खोपटला डेपोत एसटीची वाट बघत दोघं चहा प्यायले. दगडूराव म्हणाले, "विमल, कांताला तू होतीस. आपल्याकडं कोण आणणार गं?"

"काय अभद्र बोलता हो!"

"अगं, खरंच विचारतोय."

"आपल्याकडं होय? दार पुरायचं नाही माणसांना. एवढ्या घरांना घातलंय मी. पिठलं उरेल, बघाल तुम्ही."

"मी कशाला असतोय बघायला," दगडूराव म्हणाले आणि हसले. हसता हसता खोकल्याची उबळ आली, चहा सांडला. विमलाबाईंनी त्यांची पाठ चोळली. पण ते बोलणं त्यांच्या मनात राहिलं. आपण म्हटलंय तसंच होणार, ह्याची त्यांना पुरती खात्री होती. देवाण-घेवाणीचा हिशोब म्हणून नव्हे. ही रीत आहे, आणि रीत काही आपल्यापाशी येऊन थांबत नाही, एवढंच.

दगडूराव गेले ते ह्या माघात, सकाळी. अंथरुणातच. विमलाबाई चहा घेऊन आल्या आणि हाक मारली तर ओ नाही. कप खाली ठेवला. पुन्हा हाक मारली नाही त्यांनी. हाताला कळलं होतं.

मग सगळं भराभर झालं, जसं होतं तसं. मुलगा विनीत डॉक्टरला घेऊन आला. दगडूरावांची बहीण रतन कल्याणहून रडतच रिक्षातून उतरली. पोटुशी सून, दीप्ती, भिंतीला धरून उभी होती. तिचं माहेर सोलापूरचं, ती माणसं निघाली होती पण पोचणार होती रात्री उशिरा. लिफ्टमध्ये ताटी मावेना, म्हणून जिन्यानं उतरवलं. विमलाबाई वरून, जिन्याच्या कठड्यावरून बघत राहिल्या. प्रत्येक वळणावर माणसं म्हणत होती, "सांभाळून, सांभाळून." जिवंतपणी कुणी एवढं सांभाळून नेलं नव्हतं त्यांना.

रडू काही येईना. घर धुतलं गेलं. जिथं त्यांना ठेवलं होतं तिथं पीठ पसरून दिवा लावला. बायकांच्या अंघोळी झाल्या. विमलाबाई भिंतीला टेकून बसल्या, दाराकडं तोंड करून.

दुपार टळायच्या आत विनीत स्मशानातून आला. दारातच कडुलिंबाचा पाला चावला, पाय धुतले, अंघोळ केली. भाऊबंद आले होते, पण कुणाची ड्युटी, कुणाची गाडी, ते तिथूनच गेले. विनीत येऊन आईशेजारी बसला. आता कुठल्याही क्षणी, विमलाबाईंना वाटत होतं. आता लिफ्टचं दार वाजेल. मी असते तर एव्हाना पोचले असते.

लिफ्टचं दार वाजलंच. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ आले. हात जोडले, "फार सज्जन माणूस," म्हणाले, "काही लागलं तर सांगा," म्हणाले, गेले. मग समोरच्या फ्लॅटमधला मुलगा आणि त्याची बायको, ऑफिसला रजा टाकून थांबलेली. "काकू, काही लागलं तर सांगा हं." मग कमिटीची दोन माणसं. तीही तेच. जो येई तो हे वाक्य उंबऱ्यात ठेवून जाई. आता काय सांगायचं? हे सांगायचं असतं का? विमलाबाई प्रत्येकाचे हात बघत होत्या. येणाऱ्याचं तोंड त्यांना दिसतच नव्हतं, नुसते हात. कुणाच्या हातात गाडीची किल्ली, कुणाच्या हातात मोबाईल.

विनीत हळूच म्हणाला, "आई, मी काहीतरी मागवू का? साधं वरण-भात देतात. अर्ध्या तासात येईल."

"कुठून?"

"हॉटेलातून. ॲपवरून."

"त्या हॉटेलवाल्याला तुझा बाप माहीत होता?"

विनीतनं मोबाईल खिशात ठेवला.

"थांब जरा," विमलाबाई म्हणाल्या. "येईल."

मग स्वप्ना आली. स्वप्ना म्हणजे जुन्या चाळीतली. नवी नवरी होऊन आली तेव्हा तिला रॉकेलचा स्टोव्ह पेटवायला विमलाबाईंनी शिकवलेलं. तिचा सासरा गेला तेव्हा तिला घास भरवलेला तोही ह्यांनीच. स्वप्ना धावतच आली, विमलाबाईंच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. खोटं नव्हतं तिचं रडणं. विमलाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि तिच्या खांद्यावरून बाहेर बघत राहिल्या, की दाराशी तिनं काही टेकवून ठेवलंय का. चपला तेवढ्या होत्या.

डोळे पुसून स्वप्ना म्हणाली, "काकू, मी सकाळपासून विचार करतेय, जेवणाचं काय? म्हणजे आपल्याकडं ते नेहमी तुम्हीच बघता ना. मला तर काही सुचेचना बघा. ग्रुपवर पण सगळे तेच विचारतायत. मग म्हटलं, काकूंनीच कुणाला तरी सांगून ठेवलं असणार. त्या काय कुणाला उपाशी ठेवणार आहेत?"

सगळ्या खोलीनं ते ऐकलं. रतननं मान वर केली. विनीतनं खाली घातली.

एक शब्द पुरला असता. 'नाही गं, कुणी नाही आणलं,' एवढं म्हटलं असतं तर स्वप्ना उठून पळत गेली असती, सगळी बिल्डिंग ढवळून काढली असती तिनं. विमलाबाईंच्या ओठापर्यंत आलंही होतं. पण मग ते मागितल्यासारखंच झालं असतं. आणि विमलाबाईंनी जन्मात कुणाच्या दारी वाटीभर साखर मागितली नव्हती, त्या काय नवऱ्याचा कडू घास मागणार होत्या?

"हो," त्या म्हणाल्या. "झालंय सगळं. तू काळजी नको करू."

"वाटलंच मला," स्वप्ना म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला. जाता जाता तिनं जिन्यातच ग्रुपवर लिहून टाकलं असणार, कारण त्यानंतर दारात कुणी आलं नाही.

स्वप्ना गेली तशी रतन सरकत जवळ आली. रतनची जीभ मुळातच तिखट, त्यात भाऊ गेलेला. "वहिनी, काय झालंय सगळं? कुठं झालंय? मला तर कुठं दिसेना."

"वन्सं, गप बसा."

"गप काय बसा? माझ्या दादानं आयुष्यभर तुमची पातेली घासली. एवढ्या लोकांच्या घरी तुम्ही नेऊन घातलंत. आणि आज त्याच्या नावानं एक घास यायची मारामार? कुत्रं मेलं तरी लोक विचारतात हो!" आणि ती तोंडात पदर कोंबून रडायला लागली.

विमलाबाईंना फार लागलं ते. कुणी कानाखाली मारली असती तर कमी लागलं असतं. रतनचं खोटं नव्हतं काही. त्यांना राग आला तो बिल्डिंगचा नाही, रतनचाही नाही. दगडूरावांचा आला. मरायला काय घाई झाली होती ह्यांना? मी आधी गेले असते तर हे कुणाकडं बघत बसले नसते. पुरुषमाणूस, विनीतनं जे मागवलं असतं ते खाल्लं असतं आणि झोपले असते. मी दिलेला शब्द मात्र खोटा पाडून गेले. दार पुरायचं नाही म्हणाले होते मी. दार सताड उघडं होतं आणि त्यातून वारा सोडून काही येत नव्हतं.

उन्हं कलली. दीप्ती मघाशीच आतल्या खोलीत जाऊन पडली होती. विमलाबाई पाणी प्यायला म्हणून उठल्या. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. फटीतून दिसलं, दीप्ती कपाटाच्या आड, भिंतीकडं तोंड करून उभी होती. एका हातानं पोट धरलेलं आणि दुसऱ्या हातानं बिस्किटं खात होती. कोरडी, एकामागून एक. आवाज होऊ नये म्हणून तोंडात विरघळवत होती. पाऊल वाजलं तशी दचकून वळली. तोंडाला चुरा लागलेला.

"आई, सॉरी. मला... चक्कर येत होती म्हणून. मी फक्त—"

तिला पुढं बोलवेना. डोळ्यांत पाणी आलं. विमलाबाई तिच्याकडं बघतच राहिल्या. माझ्या घरात माझ्या सुनेला चोरून खायची पाळी आली. तिच्या पोटात ह्यांचं नातवंड. आणि मी बसलेय दाराकडं तोंड करून, लोकांनी माझी रीत पाळावी म्हणून.

"सॉरी कुणाला म्हणतेस गं बाळा?" त्या म्हणाल्या. पदरानं तिचं तोंड पुसलं. "बस इथं. बसून खा."

आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या.

डाळीच्या पिठाचा डबा काढला. ओट्यावर पातेलं ठेवलं. लायटरचा टक् आवाज झाला तसा बाहेर रतनला कळलं. ती दाराशी आली, कपाळावर हात मारला. "वहिनी! आज गॅस पेटवता? अहो, दिवा जळतोय तिथं दादाचा!"

"दिसतोय मला दिवा."

"असं कुणी करतं का? लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक?" विमलाबाई म्हणाल्या. रतनकडं बघितलंही नाही त्यांनी. "लोक आलेत का एक तरी? ह्या चाळीत ही रीत मीच चालवलीय वन्सं. मोडायची तर मीच मोडीन. तुम्ही जाऊन बसा."

पाणी उकळलं. मिरची ठेचली. पीठ कालवताना सवयीनं ह्यांच्या वाटणीचंही पडलं, ते त्यांनी काढलं नाही. दुसऱ्या शेगडीवर भात टाकला. धार धरली आणि ढवळायला लागल्या. पिठलं रटरटायला लागलं, वाफ तोंडावर आली. कितीदा केलं होतं हे, डोळे मिटून जमलं असतं. पण आज त्यांना नीट दिसत नव्हतं, आणि पहिल्यांदाच पिठल्यात गुठळ्या झाल्या. बारीक बारीक, मटारएवढ्या. डावानं दाबून मोडल्या तरी मोडेनात. विमलाबाईंनी थोडा वेळ त्या गुठळ्यांकडं बघितलं आणि गॅस बंद केला.

भात ताटात काढला, ताट पिठल्याच्या पातेल्यावर ठेवलं, वरून झाकलं. पातेलं पदरानं धरलं. मग त्यांनी जे केलं ते बघून रतनला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. त्या बाहेरच्या खोलीतून सरळ दाराकडं गेल्या, चपला घातल्या आणि घराबाहेर पडल्या.

"दार लावून घ्या," बाहेरून म्हणाल्या.

विनीतनं न कळून दार लावलं.

विमलाबाई पॅसेजमध्ये उभ्या राहिल्या. समोरच्या फ्लॅटमधून टीव्हीचा आवाज येत होता. कडू घास बाहेरून आला पाहिजे. घरातल्या घरात वाढून घेतलं तर ते ह्यांच्या नावाचं कसं होईल? कुणीतरी दारातून यायला पाहिजे होतं. कुणी आलं नाही. मग जाऊ दे, कुणी नाही तर मी येते. अहो, मी आणलंय तुमच्यासाठी, त्या मनातल्या मनात म्हणाल्या. दुसऱ्यांना एवढं नेऊन घातलं, तुम्हाला नाही का आणायची? त्यांनी बेल वाजवली नाही. दुःखाच्या घरी त्या कधी बेल वाजवत नसत. बोटांच्या पेरांनी दारावर हळूच टकटक केलं.

विनीतनं दार उघडलं. उंबऱ्याच्या पलीकडं आई उभी, डोक्यावर पदर, दोन्ही हातांत पातेलं. त्याचा चेहरा आधी गोंधळला आणि मग वाकडातिकडा झाला. लहानपणापासून त्यानं हे बघितलेलं, आई अशीच पातेलं घेऊन निघालेली. त्यानं आडवा धरलेला हात काढला आणि बाजूला झाला.

विमलाबाई आत आल्या. कुणाकडं न बघता दिव्याजवळ खाली बसल्या. ताटल्या मांडल्या. विनीत, दीप्ती, रतन, तिघं समोर. भात वाढला, पिठलं वाढलं. पहिला घास विनीतच्या तोंडापाशी नेला. त्यानं तोंड फिरवलं.

"नको, आई."

"खा मुकाट्यानं," विमलाबाई म्हणाल्या. आवाज तोच, दरडावणीचा. "तू उपाशी राहून ते परत येणार आहेत का?"

विनीतनं घास घेतला. तोंडात घास आणि डोळ्यांतून धारा. मग दीप्तीला दिला. मग रतनला. रतननं त्यांचा हातच घट्ट धरून ठेवला, सोडेना. "वहिनी, मी फार बोलले."

"खा आधी. मग बोला पाहिजे तेवढं."

तिघं खायला लागली. आणि भूक लागलेली माणसं खातात तशीच खायला लागली. गुठळ्या लागत होत्या दाताखाली, पण कुणी बोललं नाही. विमलाबाई वाढत होत्या. कुणाचा भात संपला, कुणाला पाणी हवं, सगळ्यांवर नजर. दीप्तीला आग्रह करून दोनदा वाढलं. विनीतनं एक घास कालवून त्यांच्यापुढं धरला.

"तू घे ना गं."

"छे, मी इथं कशी खाणार? आणणारीनं तिथं जेवायचं नसतं," त्या म्हणाल्या. अगदी सहज म्हणाल्या.

जेवणं झाली. दीप्तीच्या तोंडावर जरा तरतरी आली. रतन दिव्यात तेल घालायला उठली. विमलाबाईंनी ताटल्या एकीत एक घातल्या, पातेलं उचललं, खाली ठेवलेलं झाकण उलटं करून वर ठेवलं. गुडघ्यावर हात टेकून उठल्या. दारापाशी गेल्या, चपला घातल्या आणि कडीला हात घातला.

"आई," विनीत म्हणाला. "आता कुठं निघालीस?"

"घरी," विमलाबाई म्हणाल्या. "ह्यांचं जेवण व्हायचंय अजून."

खोलीत कुणी हललं नाही. विमलाबाईंचा हात कडीवरच होता. त्यांनी वळून बघितलं. खोली बघितली, तिघांची तोंडं बघितली, खाली दिवा बघितला. हे कुणाचं घर, हे त्यांना तेव्हा कळलं.

पातेल्यासकट त्या तिथंच उंबऱ्यात बसल्या आणि सकाळपासून न आलेलं रडू मोठ्यानं आलं, समोरच्या फ्लॅटमधला टीव्ही बंद होण्याइतकं मोठ्यानं. रतननं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. विनीतनं पातेल्याच्या तळाशी राहिलेलं पिठलं बोटांनी गोळा केलं, भाताची चार शितं त्यात कालवली, आणि आईचं रडणं ओसरायची वाट बघत तो घास हातात धरून बसून राहिला.